स्वरमंडळाची जुळवणी आणि हार्पची पेडलं: नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये कशी लिहायची?

आमच्या संगीताच्या बाईंची एक वही आहे. साठेक रागांच्या स्वरमंडळाच्या जुळवण्या त्यात लिहिलेल्या आहेत: कुठली तार कुठल्या स्वराला, कुठली दुहेरी, कुठली सोडून द्यायची. बाईंची बोटं आता संधिवातामुळे चावी फिरवू शकत नाहीत, त्यामुळे वाद्य लावायचं काम आम्हा शिष्यांकडे आलं आहे. मागे एका चतुर्थीला लेण्याद्रीला सकाळची भजनसेवा होती. पहिला अभंग भैरवात. वहीतलं पान एका मैत्रिणीने टाइप करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, मी गोळेगावात पायथ्याशी बसून ३० तारा लावल्या आणि तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून वाद्य वर नेलं. गिरिजात्मजाच्या त्या बिनखांबी लेण्यात बसून मी तारांवरून बोट फिरवलं, तशा बाई म्हणाल्या, "अगं, हा भैरव कुठाय? बिलावल लावलायस तू."

वहीत रे आणि ध यांच्या खाली रेघ होती. व्हॉट्सअ‍ॅपवर ती आलीच नव्हती. सात तारा पुन्हा लावाव्या लागल्या, आणि तोवर मंडळी टाळ हातात घेऊन बसून होती.

ही वही संगणकावर आणायचं तेव्हाच ठरवलं. हे करताना लक्षात आलं की स्वरमंडळासाठी सॉफ्टवेअरमध्ये काहीच तयार नाही, पण त्याच्या लांबच्या नातेवाइकासाठी, म्हणजे पाश्चात्त्य हार्पसाठी, बरंच काही आहे. हार्पवादकांचा प्रश्न आपल्यासारखाच असतो: वाजवायला सुरुवात करण्यापूर्वी वाद्य कुठल्या स्वरांत हवं आहे, आणि मध्येच ते बदलायचं असेल तर नेमकं काय बदलायचं. त्यांची उत्तरं समजून घेतली की आपली सोपी होतात. म्हणून आधी हार्प.

सात पेडलं, तीन घरं

मोठ्या ऑर्केस्ट्रातल्या हार्पला ४७ तारा असतात. सी या स्वराच्या तारा लाल आणि एफच्या काळ्या किंवा निळ्या, म्हणजे वादकाला जागा सापडते. एका सप्तकात फक्त सातच तारा. पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या मिळून बारा नाहीत. मग कोमल-तीव्र कुठून येणार? तर पायांतून. वाद्याच्या तळाशी सात पेडलं असतात, प्रत्येक स्वरनावाला एक. प्रत्येक पेडलला तीन घरं: वर, मध्ये, खाली. पेडल वर असताना तार पूर्ण लांबीची, म्हणजे स्वर फ्लॅट. मधल्या घरात आणलं की वरच्या चकतीवरचे खिळे तारेला पकडून ती थोडी आखूड करतात, स्वर अर्ध्याने चढतो. खालच्या घरात दुसरी चकतीही फिरते आणि स्वर शार्प होतो. सेबास्तियाँ एरार याने या दुहेरी यंत्रणेचं पेटंट १८१० मध्ये लंडनमध्ये घेतलं, आणि आजची हार्प मुळात तीच आहे.

नवशिक्याचा गोंधळ इथेच होतो. पेडल वर म्हणजे स्वर खाली. हे एकदा पाठ करून टाका, कारण सगळ्या सॉफ्टवेअरमधल्या आकृत्या पेडल कुठे आहे ते दाखवतात, स्वर कुठे गेला ते नाही.

पेडलांचा क्रमही सरळ नाही. डाव्या पायाकडे डी, सी, बी आणि उजव्या पायाकडे ई, एफ, जी, ए. आकृतीत एक आडवी रेघ असते, तिच्यावर सात छोट्या उभ्या खुणा, आणि तिसऱ्या खुणेनंतर दोन पायांमधली मोठी उभी रेघ. खूण रेघेच्या वर असेल तर फ्लॅट, रेघेवर असेल तर साधा स्वर, रेघेखाली असेल तर शार्प. या लेखात मी ते असं लिहिते: ↑ म्हणजे वर, – म्हणजे मध्ये, ↓ म्हणजे खाली. सी हा सा धरला तर भैरव असा दिसेल:

डी↑ सी– बी– | ई– एफ– जी– ए↑

रे कोमल, ध कोमल, बाकी सगळे शुद्ध. हीच माहिती वहीतल्या दोन रेघांत होती.

थाट आणि पेडल

ही आकृती बघताना एक गोष्ट मला फार आवडली. पेडल हार्पचा नियम असा की एका वेळी एका स्वरनावाचं एकच रूप मिळतं. रे कोमल केला की सगळ्या सप्तकांतला रे कोमल. आणि भातखंड्यांच्या दहा थाटांचा नियमही हाच: सातही स्वर, प्रत्येकाचं एकच रूप. त्यामुळे दहाच्या दहा थाट हार्पवर बिनतक्रार बसतात. कल्याणला फक्त एफ खाली. काफीला ई आणि बी वर. तोडी थोडा गजबजलेला: डी↑ सी– बी– | ई↑ एफ↓ जी– ए↑. पेडलांच्या एकूण मांडण्या तीनचा सातवा घात, म्हणजे २१८७ होतात. त्यातल्या आपल्या कामाच्या थोड्याच.

थाटाकडून रागाकडे आलो की मजा सुरू होते. भूपाच्या पाच स्वरांत म आणि नि नाहीत. पण हार्पवर तारा तर सातच्या सात बसलेल्या आहेत, आणि तारांवरून बोट सरकवलं की त्या वाजणारच. यावर हार्पवादकांनी काढलेली युक्ती अशी: नको असलेली तार शेजारच्या स्वराला मिळवून टाकायची. एफ फ्लॅट केला की तो ई-च होतो, बी शार्प केला की सी. म्हणून भूप:

डी– सी– बी↓ | ई– एफ↑ जी– ए–

आता हवी तितकी बोटं फिरवा, भूपाबाहेरचा स्वर येणार नाही. ग आणि सा फक्त दोन-दोनदा वाजतील. मालकंसात रे आणि प वर्ज्य. डी शार्प म्हणजे कोमल ग, जी शार्प म्हणजे कोमल ध: डी↓ सी– बी↑ | ई↑ एफ– जी↓ ए↑. ललितात दोन मध्यम, पण पंचम नाही, मग पंचमाचीच तार एक घर उतरवून तीव्र मध्यम करायची. आम्ही ललितात कोमल धैवत घेतो, त्यामुळे डी↑ सी– बी– | ई– एफ– जी↑ ए↑. जोगमध्येही तसंच. रे नसल्यामुळे रेची तार चढवून कोमल गांधार मिळतो आणि शेजारी शुद्ध गांधार असतोच.

सगळीकडे मात्र हे जमत नाही. हंसध्वनीत ध वर्ज्य आहे. ए फ्लॅट होऊन जीपर्यंत पोहोचत नाही आणि शार्प होऊन बीपर्यंतही नाही, तो मधल्या मध्ये लोंबकळतो. तिथे वादकाला ती तार टाळूनच वाजवावं लागतं. खमाजात सातही स्वर लागतात आणि वर निषाद दोन. आठवी तार आणायची कुठून?

सा बदलला की आणखी एक अडचण. पुरुषांच्या गळ्याला काळी एक नेहमीची. हार्पवादक सहसा ती डी फ्लॅट म्हणून लिहितात, कारण फ्लॅट म्हणजे मोकळी तार, तिचा नाद जास्त. पण काळी एकमध्ये भैरव लिहायला गेलात तर कोमल रे डबल फ्लॅट होतो, आणि तसं चौथं घर पेडलला नसतं. तिथे सी शार्पच धरावा लागतो: डी– सी↓ बी↓ | ई↓ एफ↓ जी↓ ए–. सॉफ्टवेअरमध्ये ट्रान्सपोजचं बटण दाबून ही गोष्ट आपोआप होईल असं समजू नका. स्वर चढतील, पण ते कुठल्या नावाने लिहिले गेले ते तपासल्याशिवाय आकृती भरू नका.

(थोडं विषयांतर. "हार्प आपल्याकडे नव्हतीच" असं मला अनेकांनी सांगितलं. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर तो मांडीवर घेऊन जी वीणा वाजवतो आहे ती कमानीच्या आकाराची हार्पच आहे, आणि ब्रह्मदेशात तशी हार्प आजही वाजते. नाट्यशास्त्रात तर गांधार दोन श्रुतींनी चढवून एका ग्रामाची वीणा दुसऱ्या ग्रामाची कशी करायची ते सांगितलं आहे. पेडल नव्हतं, एवढंच.)

सॉफ्टवेअरमध्ये आकृती कशी घालायची

म्युझस्कोअर फुकट आहे आणि मी तेच वापरते. त्याच्या चौथ्या आवृत्तीत हार्पसाठी वेगळं पॅलेट आहे. आधी सूर निवडा, मग पॅलेटमधून पेडलची आकृती निवडा. सात पेडलांची छोटी खिडकी उघडते, त्यात प्रत्येक पेडलचं घर क्लिक करून ठरवायचं. त्याच पॅलेटमध्ये अक्षरी रूपही आहे. पूर्ण आकृती सुरुवातीला द्यायची आणि पुढे मध्येच बदल आला की फक्त बदललेल्या पेडलांची नावं लिहायची, उजव्या पायाचं वरच्या ओळीत, डाव्याचं खालच्या ओळीत, अशी हार्पवादकांची रीत आहे. पॅलेट दिसत नसेल तर पॅलेटच्या यादीत 'आणखी' मध्ये शोधा.

लिलीपाँड हेही फुकट, पण तिथे सगळं टाइप करून लिहायचं. मार्कअपमध्ये हार्प-पेडल ही आज्ञा देऊन अवतरणात सात खुणा टाकायच्या: वरच्या घरासाठी टोपीची खूण, मधल्यासाठी आडवी रेघ, खालच्यासाठी इंग्रजी व्ही हे लहान अक्षर, आणि तिसऱ्या खुणेनंतर उभा दांडा. खुणेच्या आधी लहान ओ टाकलात तर त्या पेडलभोवती गोल येतो, म्हणजे "हे आत्ता बदललं आहे". सातपेक्षा कमी-जास्त खुणा झाल्या तर तो इशारा देतो, हे मला फार उपयोगी पडलं.

डोरिको विकतचं आहे. त्याची खासियत म्हणजे लिहिलेल्या सुरांवरून कुठली पेडलं लागतील ते ते स्वतः काढून देऊ शकतं. काढलेलं उत्तर डोळे झाकून स्वीकारू नये, कारण वादकाच्या पायांची सोय त्याला तुमच्याइतकीच माहीत असते. सिबेलियसमध्येही आकृत्या येतात. फिनाले मात्र आता नव्याने शिकू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने त्याचा विकास थांबवल्याचं जाहीर केलं. कुणाच्या जुन्या फाइली त्यात अडकल्या असतील तर ते उघडतंय तोवर म्युझिकएक्सएमएलमध्ये काढून ठेवा.

म्युझिकएक्सएमएल म्हणजे वेगवेगळ्या नोटेशन सॉफ्टवेअरांची समाईक भाषा. तिच्यात हार्पच्या पेडलांसाठी स्वतंत्र नोंद आहे आणि वेगळ्या पद्धतीने लावलेल्या तारांसाठीही वेगळी नोंद आहे. तत्त्वतः दोन्ही गोष्टी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जायला हव्यात. माझ्या कामात मी त्यावर विसंबत नाही, सोबत पीडीएफ ठेवतेच.

स्वरमंडळाला ही आकृती का पुरत नाही

मला आधी वाटलं होतं की प्रत्येक रागाला एक पेडल आकृती काढली की वही संपली. तसं झालं नाही. पेडल सगळ्या सप्तकांना एकदम हलवतं. स्वरमंडळात प्रत्येक तारेची खुंटी वेगळी. म्हणूनच हार्पवर न बसणारा खमाज स्वरमंडळावर बसतो: मध्य सप्तकात शुद्ध निषाद, मंद्रात कोमल. बाई तसाच लावतात. शिवाय सा आणि प दुहेरी असतात, वर्ज्य स्वरांच्या तारा शेजाऱ्याला दिलेल्या असतात, आणि वाद्यागणिक तारांची संख्या बदलते. आईन-इ-अकबरीत स्वरमंडळाला २१ तारा सांगितल्या आहेत. आज ३० आणि त्याहून जास्त तारांची वाद्यंही मिळतात. बडे गुलाम अली खाँ, किशोरीताई आमोणकर, पंडित जसराज यांच्या मांडीवर ते आपण पाहिलेलं आहे, पण जुळवणी कागदावर कशी मांडायची याची एकच ठरलेली रीत नाही. ज्याची त्याची वही.

म्हणून माझा तक्ता तारेगणिक आहे. म्युझस्कोअरमध्ये तो असा करते. नवीन स्कोअरमध्ये एकच स्टाफ ठेवायचा, सा म्हणजे सी धरायचा. टाइम सिग्नेचर पुसून टाकायची आणि मेझर प्रॉपर्टीजमध्ये पहिल्या मेझरची लांबी तारांइतकी करायची, माझ्यासाठी ३०/४. मग खालच्या तारेपासून वरच्या तारेपर्यंत ओळीने सूर भरायचे. स्टाफच्या प्रॉपर्टीजमध्ये दांड्या बंद करायची सोय आहे. ती लावली की नुसते ठिपके राहतात आणि कुणाला ती चाल वाटत नाही. पहिला सूर निवडून कंट्रोल आणि एल दाबलं की खाली अक्षरं लिहिता येतात. तिथे मी स्वर लिहिते, स्पेस दाबलं की पुढच्या तारेवर. एंटर दाबलं की दुसरी ओळ मिळते, तिथे तारेचा क्रमांक. वर डाव्या कोपऱ्यात चौकटीत: राग, सा कुठला, खुणांची पद्धत कुठली. भैरवाला की सिग्नेचरही हवी असेल तर मास्टर पॅलेटमध्ये डी आणि ए फ्लॅट असलेली खास सिग्नेचर बनवता येते, पण तक्त्याला तिची गरज नाही.

हार्पवादकांकडून उचललेली सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे 'फक्त बदल' ही ओळ. कार्यक्रमात यमननंतर भूप असेल तर पूर्ण तक्ता पुन्हा बघत बसायला वेळ नसतो. दुसऱ्या तक्त्यावर मी लिहिते: "यमनवरून: सगळे म॑ → ग, सगळे नि → सां". बिलावलवरून मालकंसाला जाताना रेच्या तारा अर्ध्याने चढवून कोमल ग, पच्या तारा अर्ध्याने चढवून कोमल ध, आणि ग, ध, नि यांच्या तारा अर्ध्याने उतरवायच्या. पेडलांची मांडणी जी होती तीच ही. तार एका स्वराहून जास्त चढवायची पाळी आली तर मी ती उतरवून खालच्या शेजाऱ्याला देते, कारण चढवताना तुटलेली तार बैठकीत बदलणं म्हणजे काय ते ज्याने भोगलंय त्याला ठाऊक.

रेघ हरवू नये म्हणून

आता माझ्या मूळ दुखण्याकडे. भातखंडे पद्धतीत कोमल म्हणजे अक्षराखाली आडवी रेघ, तीव्र म म्हणजे डोक्यावर उभी रेघ. वर्डमध्ये आपण अंडरलाइनचं बटण दाबतो. ती अंडरलाइन अक्षराचा भाग नसते, वरून चढवलेला रंग असतो. मजकूर कॉपी करून दुसरीकडे टाकला की रंग मागे राहतो. काही जण अक्षराच्या दोन्ही बाजूंना अंडरस्कोर टाकतात. व्हॉट्सअ‍ॅप त्याचा अर्थ तिरपी अक्षरं असा लावतं आणि अंडरस्कोर गिळून टाकतं.

उपाय देवनागरीतच आहे. वेदपाठासाठी युनिकोडमध्ये अनुदात्ताची आडवी रेघ (क्रमांक ०९५२) आणि उदात्त नावाची उभी रेघ (क्रमांक ०९५१) दिलेली आहे. या खुणा अक्षराचाच भाग म्हणून जातात, कॉपी केल्या तरी सुटत नाहीत. बारा स्वर असे:

सा रे॒ रे ग॒ ग म म॑ प ध॒ ध नि॒ नि

विंडोजवर वर्डमध्ये अक्षरानंतर ०९५२ इंग्रजी अंकांत टाइप करून ऑल्ट आणि एक्स दाबलं की रेघ येते. फोनवर सगळ्यांत सोपं म्हणजे वरची ओळ स्वतःला मेसेज करून ठेवा आणि लागेल तसं त्यातून उचला. मंद्र सप्तकाचा खालचा ठिपका म्हणजे नुक्ता, तार सप्तकाचा वरचा ठिपका म्हणजे अनुस्वार. दोन्ही मराठी कीबोर्डवर मिळतात. क्रम मात्र पाळावा लागतो: व्यंजन, नुक्ता, मात्रा, अनुस्वार, आणि सगळ्यात शेवटी कोमल-तीव्रची रेघ. म्हणजे मंद्र कोमल निषाद ऩि॒ आणि तार कोमल रिषभ रें॒. क्रम चुकला की अक्षराशेजारी ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. म्युझस्कोअरमध्ये टेक्स्ट स्टाइल्समध्ये जाऊन लिरिक्सचा फॉन्ट नोटो सान्स देवनागरी करा. दुसऱ्या काही फॉन्टांत रेघ अक्षराला चिकटते किंवा दिसतच नाही. आणि पीडीएफ काढल्यावर ती एकदा फोनवर उघडून बघा.

पलुस्कर पद्धत वापरणाऱ्यांना जास्त सांभाळावं लागेल. तिथे कोमलाची खूण म्हणजे पाय मोडल्यासारखी, हलंताची. कागदावर ती छान दिसते, पण संगणकाला हलंत म्हणजे जोडाक्षर. ग कोमल आणि पुढे म लिहायला गेलात की "ग्म" होऊन बसतं, आणि रि-नि यांना मात्रेनंतर हलंत लावलात तर पुन्हा ते वर्तुळ. त्याहून मोठा धोका ठिपक्यांचा. भातखंड्यांत अक्षरावरचा ठिपका म्हणजे तार सप्तक. पलुस्करांत तोच ठिपका म्हणजे मंद्र. डोक्यावरची उभी रेघ भातखंड्यांत तीव्र, पलुस्करांत तार सप्तक. महाराष्ट्रात दोन्ही पद्धती शिकवल्या जातात, म्हणून चौकटीत पद्धतीचं नाव हवंच. माझ्या मते टाइप करायचं असेल तर सरळ भातखंडे पद्धतीत आणावं. पलुस्करांची पद्धत कमी प्रतीची म्हणून नव्हे. आपल्या कीबोर्डला ती पेलत नाही म्हणून.

सेंट लिहायचे का?

ट्यूनरचं अ‍ॅप वापरणारी मुलं विचारतात की तक्त्यात आकडे का नाहीत. द्यायचे असतील तर म्युझस्कोअरमध्ये प्रत्येक सुराच्या प्लेबॅक प्रॉपर्टीजमध्ये ट्यूनिंग सेंटमध्ये भरता येतं, आणि मग ते तसं वाजतंही. अर्ध्या स्वराचे १०० सेंट. पेटीच्या तुलनेत तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गांधार सुमारे १४ सेंट खाली असतो, शुद्ध निषाद १२ खाली, कोमल गांधार १६ वर, पंचम जेमतेम २ वर. रागागणिक हे बदलतं. भैरवातला आंदोलित रिषभ कुठल्या एका आकड्यात मावतो असं मला वाटत नाही. मी आकडे देते ते फक्त अ‍ॅपची सुई मध्यावर आली म्हणून तार लागली असं कुणी समजू नये यासाठी. आधी तंबोरा सुरू करा, सा आणि प पक्के करा, बाकी कानाने.

आणि लावायचं ते जिथे वाजवायचं तिथे. पायथ्याच्या उन्हातून लेण्याच्या गारव्यात नेलं की पोलादी तारा आकसतात आणि चढतात, त्याही सगळ्या सारख्या नाही. त्या सकाळी रेघा नीट आल्या असत्या तरी सा पुन्हा मिळवावा लागलाच असता. म्हणून तक्त्यात मी "सा = काळी चार" लिहिते ते पेन्सिलीने.

वहीची एकेचाळीस पानं झाली आहेत. वेळ लागतो तो टायपिंगला नाही. बाई लहानपणी पलुस्कर पद्धतीत शिकल्या, पुढे परीक्षांसाठी भातखंडे पद्धतीकडे वळल्या, आणि वहीत मध्येच कुठेतरी ठिपक्यांचा अर्थ उलटा होतो. कुठल्या पानावर, ते वहीवरून कळत नाही. गेल्या आठवड्यात एका पानावर निच्या डोक्यावर ठिपका होता. तार की मंद्र? मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा शोधला नाही, डोळे मिटून पहिली ओळ गुणगुणली आणि निषाद खाली आला. मी नुक्ता टाकला आणि त्यांना पुढचं पान वाचून दाखवलं.